सिकलसेल : रक्त ‘खराब’ नसते, एक मणी बदललेला असतो

वस्तीत सिकलसेलच्या तपासणीला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “म्हणजे आमचं रक्त खराब आहे का जी, सिस्टर?” विचारणारी बहुतेक वेळा लेकराची आई असते, आणि विचारताना तिची नजर सासूकडे असते. उत्तर ‘हो’ आले तर पुढचा प्रश्न सासू विचारणार, हे तिला माहीत असते. खराब रक्त आले कुठून? माहेरून?

आम्ही काही परिचारिका आणि कार्यकर्त्या मिळून हे काम करतो. इतक्या घरांतून फिरल्यावर आमचे एक मत पक्के झाले आहे. आजारापेक्षा हा ‘खराब रक्त’ शब्द जास्त घरे मोडतो. रुग्णाला गोळ्या देता येतात, पण या शब्दावर गोळी नाही. त्यावर एकच उपाय आहे. शरीराची पेशी कशाची बनते, तिच्यातले रेणू कसे वागतात, एवढे रसायनशास्त्र प्रत्येक घरात माहीत असायला हवे. ते फार अवघड नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या थोडेच पुढे जावे लागते. आणि शाळेत न गेलेल्या आजीलाही ते समजते, कारण तेल आणि पाणी तिने आयुष्यभर हाताळलेले असते.

पेशीच्या आत

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेशीच्या आत काय असते? सर्वांत जास्त पाणी. उरलेल्यात मुख्य चार घराणी : पिष्ट व साखरेचे पदार्थ, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले, म्हणजे डीएनए व आरएनए. ही चारही घराणी बहुतांश सहाच मूलद्रव्यांतून उभी राहतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक. कोळशात जो कार्बन आहे तोच आपल्यात आहे. हवेत जो नायट्रोजन आहे तोच आपल्या मांसपेशींत आहे. जिवंत पेशीत वेगळा, वरून आलेला असा कोणताही पदार्थ सापडलेला नाही. उच्च समजल्या जाणाऱ्याच्या पेशीत नाही आणि नीच म्हणून हिणवल्या गेलेल्याच्या पेशीतही नाही.

आज आपल्याला प्रथिनांकडे पाहायचे आहे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. एकेक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. असे २० प्रकारचे मणी आहेत, आणि शरीरातली हजारो वेगवेगळी प्रथिने या वीसच मण्यांच्या क्रमातून तयार होतात. आपण डाळ, अंडे, मासळी खातो तेव्हा पोटात त्यांच्या माळा तुटतात, मणी सुटे होतात, आणि शरीर ते मणी आपल्या क्रमाने पुन्हा ओवते.

या मण्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात. काही मण्यांना पाणी आवडते, ते पाण्याला चिकटून राहतात. काही मणी तेलकट असतात, ते पाण्यापासून पळतात. वरणावर वरून तेल ओतले तर ते थेंबाथेंबाने एकमेकांजवळ जमते, तसेच हे तेलकट मणी एकमेकांजवळ जातात. त्यामुळे माळ सरळ राहत नाही, गुंडाळली जाते. तेलकट मणी आत लपतात, पाणी आवडणारे बाहेर राहतात. या गुंडाळण्यातून प्रथिनाला आकार येतो, आणि त्या आकारावर त्याचे काम ठरते. मण्यांचा क्रम बदलला तर आकार बदलू शकतो, आणि आकार बदलला तर काम बिघडू शकते.

हिमोग्लोबिन हे असेच एक प्रथिन. त्यात चार माळा असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. एकूण ५७४ मणी. प्रत्येक माळेच्या कुशीत लोहाचा एक अणू बसलेला असतो. फुप्फुसात तो ऑक्सिजन पकडतो आणि बोटाच्या टोकापर्यंत जाऊन सोडतो. एका लाल पेशीत असे सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. इतकी गर्दी असूनही ते एकमेकांना चिकटत नाहीत, कारण त्यांचा बाहेरचा भाग पाणी आवडणाऱ्या मण्यांचा असतो. प्रत्येक रेणू पाण्यात सुटा तरंगतो. म्हणून लाल पेशी मऊ राहते, आणि स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते.

सहावा मणी

आता मूळ गोष्ट. बीटा माळेतला सहावा मणी सर्वसाधारणपणे ग्लुटामिक आम्ल असतो. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्याला पाणी आवडते. सिकलसेलमध्ये त्या जागी व्हॅलीन असते. व्हॅलीनवर भार नसतो, ते तेलकट असते. म्हणजे बाहेरच्या बाजूला, जिथे पाणी आवडणारा मणी हवा होता, तिथे तेलकट ठिपका येऊन बसला. बदल एवढाच. बीटा माळा दोन असल्यामुळे अख्ख्या रेणूत दोन मणी वेगळे, बाकी ५७२ जसेच्या तसे.

ऑक्सिजन पकडलेला असेपर्यंत या ठिपक्याने फारसे बिघडत नाही. ऑक्सिजन सोडताना हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक तेलकट खळगा उघडा पडतो. व्हॅलीन त्या खळग्यात जाऊन बसते. तेल तेलाला मिळाले. मग त्याला तिसरा रेणू, तिसऱ्याला चौथा, अशी रांग लागते. चौदा रांगांचा पीळ पडून कडक दोर तयार होतो. तो पेशीच्या आत वाढत जातो आणि मऊ गोल पेशीला विळ्यासारखी वाकवतो. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून सिकलसेल.

सगळी लक्षणे इथून समजतात. वाकलेल्या कडक पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात, पुढे रक्त जात नाही, म्हणून हाडांत, पाठीत, छातीत असह्य कळा येतात. बाळाचे हातपाय सुजतात. सर्वसाधारण लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींतून पिवळे द्रव्य सुटते, म्हणून डोळे पिवळे. हे पिवळे डोळे पाहून किती लेकरांना काविळीचे झाडपाल्याचे औषध पाजले जाते, हाताला चुना लावून ‘काविळ उतरवली’ जाते, याची गणती नाही. ती काविळ यकृताची नसते, आणि चुन्याने हिमोग्लोबिनचा मणी बदलत नाही.

तसेच ‘रक्त शुद्ध करणारा’ काढा. मण्यांचा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो. डीएनएची भाषा चार अक्षरांची आहे आणि तीन अक्षरे मिळून एक मणी सांगतात. सहाव्या मण्याच्या जागी जीएजी असे लिहिलेले असते, सिकलसेलमध्ये तिथे जीटीजी झालेले असते. एक अक्षर. हे अक्षर आई आणि वडील या दोघांकडून येते, जेवणातून, नजरेतून, करणीतून किंवा मागच्या जन्मातून येत नाही. म्हणून कोणत्याही काढ्याने, पथ्याने, उपासाने ते पुसले जात नाही. सकस जेवण हवेच, पण त्याने सिकलसेल ‘बरा करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडे. सिकलसेलच्या रुग्णात रक्त कमी असते, पण लोह कमी असतेच असे नाही. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते, वारंवार रक्त चढवले तर उलट साठते. म्हणून रुग्णाला लोहाची गोळी तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. फोलिक ॲसिड मात्र लागते, कारण नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात. वाहकाचे वेगळे. वाहक बाईला इतर कुणाहीसारखे लोह कमी असू शकते आणि तिने गोळ्या घ्यायला हरकत नाही.

हे कळले कसे

वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा कृष्णवर्णीय तरुण शिकागोत दंतवैद्यकी शिकत होता. त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन १९१० मध्ये डॉ. जेम्स हेरिक यांनी छापले. पुढे कित्येक वर्षे अमेरिकेत हा ‘काळ्यांच्या रक्ताचा’ आजार म्हणून सांगितला गेला. म्हणजे ‘खराब रक्त’ हा शब्द फक्त आपल्याच वाट्याला आलेला नाही.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हा रेणूचा आजार आहे. त्या कामात मोठा वाटा हार्वी इटानो यांचा होता. जपानी वंशाचे म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्यांना कुटुंबासह छावणीत डांबले होते. १९४२ मध्ये ते विद्यापीठात पहिले आले, पण पदवीदान समारंभाला हजर राहू शकले नाहीत. पुढची पायरी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी चढली. तेही नाझींच्या जर्मनीतून लहानपणी निघावे लागलेले ज्यू निर्वासित. त्यांनी हिमोग्लोबिनचे पाचक रसाने तुकडे केले, ते कागदावर पसरवले, आणि सगळ्या ठिपक्यांत एकच ठिपका वेगळ्या जागी आलेला दाखवला. वंशावरून माणसे हाकलली जात होती त्या काळात, हाकललेल्यांपैकीच दोघांनी ‘वाईट रक्त’ या कल्पनेतली हवा काढली. पुस्तकांत हे फारसे सांगत नाहीत, म्हणून इथे लिहिले.

इन्ग्रम यांचा तो पहिला लेख ‘नेचर’ या नियतकालिकात १३ ऑक्टोबर १९५६ रोजी आला. दुसऱ्या दिवशी नागपुरात काय घडले ते वाचकांना सांगायला नको. योगायोगच आहे, त्यात आणखी काही शोधू नये. आम्हाला तारीख लक्षात ठेवायला मात्र सोपी जाते. नेमका कोणता मणी बदलला आहे ते इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये सांगितले.

भारतात सिकलसेलची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली, आणि १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तेव्हापासून विदर्भातल्या आपल्या समाजात हे प्रमाण बरेच आहे हे माहीत आहे. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत आहे. कुणबी, तेली अशा इतर जातींतही सापडतो. देशाबाहेर आफ्रिकेत, सौदी अरेबियात, ग्रीसमध्ये, तुर्कस्तानात आहे.

आपल्यातच का, हा प्रश्न तरुण मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर डासांपासून सुरू होते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले की ज्याच्याकडे हे अक्षर एकाच बाजूने आलेले आहे, म्हणजे जो वाहक आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून लहानपणी संरक्षण मिळते. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात वाहक लेकरे जास्त जगली, त्यांची लेकरे झाली, अक्षर टिकले. सिकलसेलचा नकाशा मुळात मलेरियाचा नकाशा आहे.

पण उत्तराचा दुसरा अर्धा भाग डासांचा नाही. अक्षर एकदा एखाद्या समाजात आले आणि त्या समाजाने शतकानुशतके आतल्या आतच लग्ने केली, तर ते तिथेच फिरत राहते आणि वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते. समाजशास्त्रातली ती मांडणी आज रक्ताच्या अहवालात वाचता येते. मात्र याचा उलटा अर्थ कुणी काढू नये. आंतरजातीय लग्न केले म्हणजे तपासणीची गरज संपली असे होत नाही. समोरचाही वाहक असू शकतो.

तपासणी म्हणजे नेमके काय

तपासणीला लोक घाबरतात, कारण आत काय चालते ते कुणी सांगत नाही. पहिली चाचणी विद्राव्यतेची. बोटातले थेंबभर रक्त एका द्रावणात टाकतात. ते द्रावण हिमोग्लोबिनचा ऑक्सिजन काढून घेते. सिकल हिमोग्लोबिन असेल तर रेणू एकमेकांना चिकटतात आणि द्रावण गढूळ होते, नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. वर सांगितलेले चिकटणे इथे नळीत डोळ्यांनी दिसते. पण या चाचणीतून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. लहान बाळात तर ती चुकू शकते. म्हणून दुसरी चाचणी लागतेच.

दुसरी चाचणी इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिनला विजेच्या ओढीत धावायला लावतात. सहाव्या मण्याचा ऋण भार गेलेला असल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू जाते, मागे पडते. कागदावर एकच पुढचा पट्टा आला तर एए, दोन्ही आले तर एएस म्हणजे वाहक, मागचाच मुख्य आला तर एसएस म्हणजे रुग्ण. काही ठिकाणी याऐवजी एचपीएलसी यंत्र वापरतात. पहिली चाचणी करून ‘पॉझिटिव्ह’ एवढेच कागदावर लिहून जाणाऱ्या शिबिरांना आमचा विरोध आहे. त्या एका शब्दाने वाहक मुलगीही गावभर रुग्ण ठरते, आणि दुसरी चाचणी करायला कुणी फिरकत नाही. शिबिर घ्यायचे तर दोन्ही चाचण्यांची आणि समुपदेशनाची सोय करून घ्यावे. नुसता फोटो काढायचा असेल तर घेऊ नये. विहारात शिबिर ठेवणाऱ्या मंडळांनी हे आधीच विचारून घ्यावे, नंतर निस्तरणे कठीण जाते.

वाहक आजारी नसतो. त्याच्या प्रत्येक पेशीत सरळ हिमोग्लोबिनही असते, त्यामुळे दोर सहसा बनत नाही. तो शेतात राबू शकतो, नोकरी करू शकतो, मॅच खेळू शकतो. अति श्रम, उन्हाचा तडाखा आणि शरीरातले पाणी तुटणे याला मात्र त्याने इतरांपेक्षा जास्त जपावे.

लग्नाचा प्रश्न

एक वाहक आणि एक एए असेल तर त्यांची मुले एए किंवा वाहक होतील, एसएस रुग्ण होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक वाटा रुग्ण बाळाचा, दोन वाटे वाहकाचे, एक वाटा एए बाळाचा. ‘प्रत्येक गरोदरपणात’ हे शब्द पुन्हा वाचा. पहिले बाळ रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. दरवेळी फासा नव्याने पडतो.

यावर समाजात दोन टोके दिसतात. काही जण अहवाल लपवतात. काही जण वाहक मुलीचे स्थळ सरळ नाकारतात, समोरचा मुलगा एए असूनही. आम्ही पाहिले आहे की नाकारले जाते ते मुलीचे, मुलाचा अहवाल कुणी मागत नाही. अक्षर दोन्हीकडून येते तर चाचणीही दोन्हीकडची हवी. आणि ती साक्षगंध झाल्यावर, पत्रिका वाटल्यावर नको. कॉलेजात, अठरा-वीसच्या वयात, लग्नाचा विषयही नसताना करून ठेवावी. पत्रिका जुळवायचे सोडून दिले असे आपण सांगतो (सगळ्यांनीच सोडले आहे असे नाही, हे आम्हाला घराघरांत दिसते), मग अहवाल पाहायला लाजायचे कशाला? दोन वाहकांनी लग्न करूच नये असा फतवा काढण्याचा अधिकार मात्र कुणालाही नाही. त्यांनी माहिती घेऊन ठरवावे. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या बाईचा. सासरचा नाही, माहेरचा नाही, आणि आमचाही नाही.

औषध आहे, पाणी आहे का?

सिकलसेलच्या बाळाला पहिले काही महिने बहुधा त्रास होत नाही. कारण जन्मावेळी त्याच्यात बाळ-हिमोग्लोबिन असते. त्यात बीटा माळेच्या जागी गॅमा नावाची वेगळी माळ असते, म्हणून चिकटणारा मणीच नसतो. सहा महिन्यांच्या आसपास बीटा माळ जागा घेते आणि दुखणी सुरू होतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध शरीराला पुन्हा बाळ-हिमोग्लोबिन बनवायला लावते. दोरात मध्येच न चिकटणारा रेणू आला की दोर वाढत नाही. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या गोळीने दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. ही गोळी कर्करोगातही देतात, म्हणून लोक घाबरतात आणि औषधांच्या दुकानातला मुलगा आणखी घाबरवतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी रक्त तपासत घेतली तर हिचा फायदा मोठा आहे. गरोदर राहायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

गोळी रोजची आहे. महिन्यातून चार दिवस मिळते आणि बाकी दिवस ‘साठा संपला’ असे ऐकावे लागते, तर तिचा उपयोग नाही. परदेशात २०२३ च्या अखेरीस जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली, त्याची अमेरिकेतली किंमत सुमारे २२ लाख डॉलर. ती बातमी वाचून वस्तीतल्या आया आम्हाला फोन करतात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की आज आपल्याला भांडायचे आहे ते बारा महिने गोळी मिळण्यासाठी.

आणि पाण्यासाठी. प्रत्येक डॉक्टर सिकलसेलच्या लेकराला सांगतो, भरपूर पाणी पी. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. शरीरातले पाणी कमी झाले की लाल पेशी आकसते, आतले हिमोग्लोबिन दाट होते, आणि रेणू दाट झाले की चिकटण्याचा वेग भलताच वाढतो. त्यात या रुग्णांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवता येत नाही. लघवी जास्त होते, मोठे मूलही अंथरूण ओले करते. त्यासाठी त्याला मार बसतो. खरे तर त्याला आणखी एक तांब्या पाणी लागत असते. आता विदर्भाचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. एक दिवसाआड नळ, टँकरची रांग. शाळेत मुलींचे स्वच्छतागृह इतके घाण की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. ‘भरपूर पाणी पी’ ही चिठ्ठी घेऊन ती मुलगी जाणार कुठे? वस्तीचा नळ आणि शाळेचे स्वच्छतागृह हा सिकलसेलच्या उपचाराचाच भाग आहे असे आम्ही मानतो, आणि नगरसेवकाकडे जाताना हे असेच सांगा. सुविधा म्हणून मागू नका, औषध म्हणून मागा.

दवाखान्यातल्या वागणुकीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वॉर्डात काम करताना आम्ही ऐकलेले आहे, “पुन्हा आली का ही? इंजेक्शनची सवय लागली आहे.” दुखण्याचा झटका बाहेरून दिसत नाही. ताप नाही, जखम नाही, सूजही नसते, म्हणून ते नाटक ठरते. आतमध्ये हाडाला रक्त मिळत नसते. ही वेदना मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेइतकी असू शकते आणि तिला लगेच, पुरेसे वेदनाशामक मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. तिथल्या सिस्टरला, डॉक्टरला रुग्णाच्या घरच्यांनी शांतपणे पण ठामपणे हे सांगावे.

काही गोष्टी थांबू शकत नाहीत. सिकलसेलच्या लेकराला १०१ अंश ताप आला तर रात्र असो की पाऊस, दवाखान्यात न्या. प्लीहा बिघडलेली असल्यामुळे जंतुसंसर्ग काही तासांत पसरतो. म्हणूनच पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस महत्त्वाची. डाव्या बरगडीखाली पोट अचानक फुगले आणि मूल पांढरे पडले, छातीत दुखून धाप लागली, तोंड वाकडे झाले किंवा एक हात लुळा पडला, तरी तसेच धावायचे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि भर आदिवासीबहुल भागांवर आहे. तो असायलाच हवा. पण नागपूर, चंद्रपूर, भंडारा, वर्धा, यवतमाळच्या शहरी वस्त्यांतल्या बौद्ध घरांत हेच अक्षर फिरते आहे, आणि तिथल्या नागरी आरोग्य केंद्रात दोन्ही चाचण्या, समुपदेशन आणि गोळी कायम मिळाली पाहिजे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, पण बहुतेक सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागते. जो आज बरा दिसतो आणि उद्या आठ दिवस खाटेवर असतो, त्याची टक्केवारी कशी मोजणार, हा वाद आपल्या संघटनांनी लावून धरायला हवा.

आणि एक, कामासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्यांसाठी. तिकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात सिकलसेल लगेच येत नाही. हाडदुखीला संधिवात म्हणतात, छातीदुखीला नुसता न्यूमोनिया. अहवालाची प्रत रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि शस्त्रक्रिया, भूल किंवा बाळंतपण यांच्या आधी तो न विचारता दाखवा. भाऊ पुण्यात असेल आणि त्याची तपासणी झालेली नसेल, तर या रविवारी फोन करताना त्याला हे सांगा.